शेवटचे पाणी

मोठे वाहन घरच्या अंगणात धुऊन झाल्यावर, ते वाळताच त्याच्या टपावर, काचांवर आणि दारांच्या पत्र्यावर पांढुरक्या वर्तुळांची नक्षी का उमटते, आणि ती उमटू नये यासाठी कोणती तजवीज करावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. परंतु अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्यात, जेथे शाळेची बस, सतरा किंवा सव्वीस आसनांची सहलीची गाडी किंवा मालाचा टेम्पो बहुधा कर्जाऊ घेतलेला असतो, मालकच पुष्कळदा त्याचा चालक असतो, आणि गाडी रात्री त्याच्याच चाळीच्या अथवा सोसायटीच्या दाराशी उभी राहते, तेथे या प्रश्नाला उपजीविकेची बाजू आहे. लग्नाचे वऱ्हाड किंवा अष्टविनायकाची सहल ठरविण्यास आलेले गिऱ्हाईक इंजिन उघडून पाहत नाही. ते काच पाहते, पत्रा पाहते आणि त्यावरून मालकाच्या व्यवस्थितपणाचा अदमास घेते.

या विषयात सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. कोणी म्हणतो, दोष साबणाचा; कोणी म्हणतो, उन्हाचा; कोणी मेण लावावयास सांगतो, कोणी डिझेलचा फडका फिरवितो; आणि अलीकडे वर्तमानपत्रांतील गृहोपयोगी सदरांनी, घरातील शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडी धुण्यासाठी वापरावे, असा एक नवाच उपदेश रूढ केला आहे. ही सारी मते एकत्र तपासून पाहावयाची तर आमचे मत आरंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल: डाग ही गाडीवर राहून गेलेली घाण नव्हे, ती पाण्याने स्वतः मागे ठेवलेली ठेव आहे, यास्तव गाडी कशाने धुतली यापेक्षा तिच्या अंगावरून सर्वांत शेवटी कोणते पाणी गेले आणि ते कोठे वाळले, एवढ्यावरच निकाल अवलंबून असतो. पहिल्या पाण्यावर जेवढा खल होतो त्याच्या दशांशही शेवटच्या पाण्यावर होत नाही.

डागाची घटना थोडक्यात अशी. आकाशातून पडणारे पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते आणि खडकातून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट, थोडी क्लोराइडे, सल्फेटे आणि सिलिका आपल्यात विरघळवून घेते. असे पाणी पत्र्यावर वाळू लागले म्हणजे वायू हवेत परततो, विरघळणारे बायकार्बोनेट न विरघळणाऱ्या कार्बोनेटात पालटते, आणि पाणी उडून गेले तरी क्षार जागच्या जागी राहतो. लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचा ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब वाळला तर मागे केवळ ०.०३ मिलिग्रॅम पांढरी पूड उरते; हे वजन कोणत्याही घरगुती तराजूच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण काळ्या किंवा तपकिरी पत्र्यावर डोळ्यांना ते सहज दिसते, कारण ती पूड सर्वत्र सारखी न पसरता कडेला गोळा होते. हे कडेलाच का, याचे समाधानकारक स्पष्टीकरण फार जुने नाही. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये ते मांडले. वाळणाऱ्या थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते, बाष्पीभवन त्या कडेपाशी सर्वांत जलद होते, आणि तेथील तूट भरून काढण्यासाठी मध्यावरचे पाणी आपल्याबरोबर आपला ऐवज घेऊन सतत बाहेरच्या दिशेने वाहत राहते. टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या थेंबाचे कडे त्यांनी अभ्यासिले होते. गाडीवरच्या क्षाराचे कडे पुष्कळ अंशी त्याच न्यायाने पडते. म्हणजे थेंब थेंबरूपाने पत्र्यावर उभा राहिला, की डागाची निम्मी सिद्धता झाली असे समजावे.

आता आपल्या मुलखातील पाण्याचा विचार केला पाहिजे, कारण येथील प्रश्न राजस्थानातल्या किंवा गुजरातच्या खाऱ्या पट्ट्यातल्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि परप्रांतातून आलेले सल्ले येथे जसेच्या तसे लागू करण्यात पैशाचा अपव्यय होतो. उल्हास नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करीत कल्याणकडे जाते. तिचे उन्हाळ्यातील पाणी बरेचसे घाटमाथ्यावरचे असते: मावळातील आंध्र जलाशयात साठलेला पाऊस टाटांच्या भिवपुरी येथील, १९२२ साली सुरू झालेल्या जलविद्युत केंद्राची चक्रे फिरवून खाली उतरतो आणि नदीला मिळतो. दुसरीकडे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आहे. त्याचे पाणी बारवी नदीवाटे उल्हासेत येते आणि जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातून कारखान्यांना व नगरांना वाटले जाते. बदलापूरच्या बंधाऱ्यावरून, ज्याला गावात सगळे बॅरेज म्हणतात, आणि अंबरनाथच्या चिखलोली धरणावरून जीवन प्राधिकरणाचा पुरवठा होतो. हे सर्व पाणी काही महिन्यांपूर्वीचा पाऊसच असून, काळ्या बेसाल्टशी त्याचा दीर्घ सहवास झालेला नसतो. सबब ते मानाने मृदू असते आणि त्याचे डाग फिके व सहज पुसले जाणारे असतात.

विंधणविहिरीच्या पाण्याची कैफियत निराळी. बेसाल्टातील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल असतात. खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षे मुरलेले पाणी ती खनिजे झिजवून घेते आणि कठीण होते. नव्या इमारतींच्या वसाहती नळाच्या जोडीला कूपनलिकेवर किंवा टँकरवर विसंबतात, आणि टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. धरणसाठा खालावलेल्या वर्षी महामंडळ आठवड्यातून एक दिवस पुरवठा बंद ठेवी, त्या दिवशी तर अशा पाण्याला पर्यायच नसे. पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून दुसरा मार्ग नसल्यास २००० पर्यंत मुभा आहे. कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. ही मानके पोटासाठी केलेली आहेत, पत्र्यासाठी नव्हेत. पिण्यास निर्दोष ठरलेले ४०० मिलिग्रॅमचे पाणी गाडीवर ठसठशीत डाग पाडते, आणि ‘आमच्याकडे चांगले पाणी येते, तरी डाग कसे पडतात’ या नित्याच्या तक्रारीचे उत्तर याच विसंगतीत आहे.

कठीण पाण्याची धास्ती या पट्ट्याला मोटारींच्या कितीतरी आधी रेल्वेमुळे ठाऊक झाली. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग कल्याणच्या पुढे खोपोलीच्या दिशेने १८५६ साली खुला झाला, आणि वाफेच्या इंजिनांना पाण्याची अखंड गरज लागली. इंजिनाच्या बाष्पकात कठीण पाणी उकळले की नळ्यांच्या पृष्ठभागावर क्षाराचे कवच चढते, कोळसा अधिक जळतो आणि शेवटी नळी फुटते. म्हणून रेल्वेचे अभियंते पाण्याच्या निवडीबाबत फार चोखंदळ असत. अंबरनाथजवळ काकोळे येथे असलेला त्या कंपनीचा तलाव आजही जी. आय. पी. धरण या नावानेच ओळखला जातो, आणि त्याच्या पाण्यावर आता रेल्वेचा बाटलीबंद ‘रेल नीर’चा कारखाना चालतो. पाणी मृदू करण्याचा पहिला गाजलेला इलाजही त्याच शतकातला. स्कॉटलंडचे रसायनज्ञ टॉमस क्लार्क यांनी १८४१ साली त्याचे पेटंट घेतले. पाण्यातील चुना काढण्यासाठी त्यात मोजून आणखी चुनाच घालावयाचा, म्हणजे विरघळलेले बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन तळाशी बसते, ही त्यांची युक्ती ऐकणाऱ्यास चेष्टाच वाटावी. पण ती बिनचूक आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या परिसराविषयी स्वतंत्रपणे चार शब्द लिहावयास हवेत. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये पूर्ण झालेले हे देवालय वालधुनी नदीच्या काठी उभे आहे, आणि नदीकाठी गाडी नेऊन ती पात्रातील पाण्याने धुण्याची महाराष्ट्रातील सर्वत्रची वहिवाट येथे मात्र केव्हाच संपुष्टात आली, कारण रासायनिक सांडपाण्याने त्या नदीची जी दशा झाली तीत गाडी बुडविणे म्हणजे रंगाला मुद्दाम उपद्रव करणे होय. तेव्हा येथील वाहनधारकास दारातल्या नळावरच भागवावे लागते. महाशिवरात्रीच्या यात्रेच्या दिवसांत माघ-फाल्गुनाची कोरडी धूळ गाडीवर बसते, ती धुण्याची घाई असते, आणि त्यातच औद्योगिक वसाहतीकडून येणारा धुराचा अंश रात्रीच्या दवात मिसळून पत्र्यावर येतो. अशा दवाचे डाग केवळ वर बसत नाहीत, ते वरच्या पारदर्शक लेपात किंचित खोल जातात. अशी गाडी पहाटे, दव ओले असतानाच, धुऊन टाकणे इष्ट. सूर्य वर आल्यावर तेच काम दुप्पट कठीण होते.

वाहन मोठे असल्याने काय बिघडते? सात मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अंगाची गाडी घेतली, तर दोन्ही बाजू २८, टप १४ आणि पुढचा-मागचा भाग ८, असे एकूण ५० चौरस मीटर क्षेत्र भरते; लहान मोटारीच्या ते सुमारे अडीचपट आहे. दर चौरस मीटरवर ५० मिलिलिटर पाणी अडकून राहते असे धरले तर धुणे संपल्यावर गाडीवर अडीच लिटर पाणी शिल्लक असते, आणि ते ६०० मिलिग्रॅमचे असेल तर ते वाळून दीड ग्रॅम क्षार सबंध गाडीभर विखुरला जातो. परंतु खरी अडचण क्षेत्रफळापेक्षा काळाची आहे. एकटा मनुष्य एक बाजू घासून दुसऱ्या बाजूला जातो तोवर पहिली वाळलेली असते. टप तर सर्वांत आधी तापतो आणि हात न पोहोचल्यामुळे सर्वांत शेवटी पुसला जातो, किंवा पुसलाच जात नाही. शिवाय खिडक्यांच्या रबरात, रिवेटांच्या रांगांत, आरशांच्या घरांत, टपावरील सामानाच्या जाळीच्या पायांशी पाणी दडून बसते आणि सर्व पुसून झाल्यावर, मालक चहाला बसला असताना, सावकाश ओघळू लागते. पुसलेल्या पत्र्यावरून खाली उतरलेली ती उभी रेघ हा मोठ्या गाडीचाच विशेष आहे.

या सर्व प्रतिकूलता ज्या दिवशी एकत्र येतात तो दिवस म्हणजे खंडेनवमी किंवा दसरा. झेंडूच्या माळा घालावयाच्या म्हणून प्रत्येक जण त्याच सकाळी गाडी धुतो, नळाला पाणी बेताचे असते म्हणून टँकर येतो, आणि पावसाळा नुकताच सरल्यामुळे निरभ्र झालेल्या आकाशातून आश्विनाचे ऊन असे कोसळते की दहा वाजल्यावर टपावर हात ठेववत नाही. पूजेच्या वेळी गाडीवर जे शिंपडले जाते त्यात हळदकुंकवाचे डाग वेगळेच. ज्याला डागरहित गाडी हवी असेल त्याने आदल्या सायंकाळी ती धुवावी आणि दसऱ्याच्या सकाळी केवळ कोरडा मऊ फडका फिरवावा. मुहूर्त पूजेला असतो, धुण्याला नसतो.

आता निरनिराळ्या मतांचा परामर्श घेऊ. सावलीत आणि थंड पत्र्यावर धुवावे, या मताविषयी दुमत संभवत नाही. मात्र सात मीटरच्या गाडीला सोसायटीत सावली मिळणे दुर्मिळ, म्हणून सकाळी पश्चिमेकडची आणि दुपारनंतर पूर्वेकडची बाजू आधी घ्यावी, एवढी तडजोड व्यवहार्य आहे. साबणाचा दोष पुष्कळांना वाटतो तेवढा नाही, पण अगदी नाही असेही नव्हे. कपड्यांच्या वडीचा साबण कठीण पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून चिकट, करडा साका तयार करतो, आणि कपड्यांच्या पुडीत धुण्याचा सोडा असतो, जो नीट विसळला न गेल्यास पाण्यातील क्षारांत आपली भर घालतो व आधी लावलेले मेणही उतरवितो. गाडीसाठी म्हणून मिळणारा शॅम्पू बादलीत मोजून घातला तर यांतील काहीच घडत नाही. डिझेलच्या फडक्याची प्रथा ट्रकवाल्यांत अद्याप आहे. त्याने डाग क्षणभर दिसेनासे होतात कारण तेलाच्या पापुद्र्याखाली पांढरी पूड ओली दिसते, पण तो पापुद्रा कल्याण फाट्यापर्यंत जाता जाता धूळ पकडतो आणि काचेभोवतीचे रबर फुगवितो. ही प्रथा सोडून द्यावी हे उत्तम. दाबाच्या पिचकारीचे यंत्र पाणी वाचविते आणि चाकांच्या कमानीतील चिखलाला त्यासारखे दुसरे साधन नाही. परंतु शेवटच्या विसळण्याला तेच यंत्र वापरल्यास ते पत्र्यावर सूक्ष्म तुषारांची पखरण करते, आणि तुषार म्हणजे होऊ घातलेले डागच. शेवटच्या वेळी नळीचे तोंड मोकळे ठेवून, वरून मंद ओघ सोडावा, म्हणजे पाणी थेंबांत न फुटता पडद्यासारखे एकसंध उतरते आणि आपल्याबरोबर बहुतेक ओल ओढून नेते.

मेण आणि अलीकडचे ‘सिरॅमिक कोटिंग’ यांविषयी बाजारात जो उत्साह आहे त्यात थोडी भेसळ आहे. पत्रा जलविरोधी झाला की पाणी गोल मण्यांसारखे उभे राहते. चालत्या गाडीवरून ते मणी वाऱ्याने उडून जातात हे खरे, पण उभ्या गाडीवर तेच मणी वाळतात आणि पूर्वी पसरट, फिकट असलेल्या डागाऐवजी लहान, जाड, ठळक डाग देतात. लेपाचा खरा लाभ डाग टाळण्यात नाही; क्षार रंगापर्यंत पोहोचत नाही आणि नंतर सुलभतेने निघतो, हा तो लाभ. जो विक्रेता हे सांगून लेप विकतो तो भला मनुष्य समजावा. याच संदर्भात एक लोकप्रिय समजूत अशी की थेंब भिंगाप्रमाणे ऊन एकवटून रंग जाळतो. पत्र्यावर टेकलेल्या चपट्या थेंबाचा केंद्रबिंदू पत्र्याच्या कितीतरी खाली पडतो, तेव्हा या मार्गाने रंग जळणे संभवत नाही; तापलेल्या पत्र्यावर आटत जाणारे, क्षणोक्षणी तीव्र होत जाणारे क्षारद्रावण रंगाला कोरते, आणि दोष भिंगावर येतो.

पाणीच पालटावे, असे म्हणणारा जो पक्ष आहे त्याच्याकडे आमचा कल आहे, पण त्या पक्षातही पोटभेद आहेत. इमारतीच्या टाकीला बसविलेले मृदुकरण यंत्र, ज्यात मिठाची गोणी ओतावी लागते, ते कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम ठेवते. रसायनाच्या हिशेबाने चाळीस भार कॅल्शियम गेले की शेहेचाळीस भार सोडियम येते, म्हणजे विरघळलेला एकूण ऐवज कमी न होता अल्पसा वाढतोच. त्यामुळे अशा पाण्याचेही डाग पडतात. फरक एवढाच की ते ओल्या फडक्याने तत्काळ निघतात. ज्याने त्यापेक्षा अधिक आश्वासन दिले असेल त्याच्याशी वाद घालण्यास हरकत नाही. खरे निर्लवण पाणी मिळते ते दोन मार्गांनी. एक, कृत्रिम राळेच्या मण्यांतून गाळून, ज्याचा पाया अॅडम्स आणि होम्स या इंग्रज संशोधकांनी १९३५ साली घातला. यातून निघालेले पाणी वाळले तर मागे जवळजवळ काहीच राहत नाही, पण कूपनलिकेच्या पाण्यावर ती राळ लवकर थकते आणि खर्च हाताबाहेर जातो. दुसरा, उलट परासरणाचा, म्हणजे घरोघरच्या आरओ यंत्राचा. त्याचे व्यवहारोपयोगी पटल १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपल्याकडचे श्रीनिवास सौरिराजन यांनी सिद्ध केले. बदलापूरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेले यंत्र त्याच पटलाचे वंशज आहे.

येथेच त्या वर्तमानपत्री उपदेशाची तपासणी करावयाची. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी टाकून देते, ते मोरीत न सोडता गाडी धुण्यास घ्यावे, ही सूचना काटकसरीच्या दृष्टीने रास्त आहे. परंतु जो क्षार पटलाने अडविला तो सर्व त्या टाकलेल्या पाण्यातच गेलेला असतो. चार लिटरमधून एक लिटर शुद्ध निघत असेल तर टाकलेल्या तीन लिटरांतील क्षार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, आणि दोनमधून एक निघत असेल तर जवळजवळ दुप्पट होतो. नळाचे पाणी मुळात १५० मिलिग्रॅमचे असेल तर २०० झाल्याने काही बिघडत नाही. कूपनलिकेचे ६०० असेल तर ८०० होते, आणि अशा पाण्याने शेवटचे विसळणे म्हणजे डाग विकत घेणे आहे. तेव्हा हा उपदेश अर्धा खरा: चाके, पायऱ्या, आतील रबरी चटया आणि पहिली धूळ उतरविणे यांसाठी ते पाणी उत्तम, शेवटी मात्र वर्ज्य. जाता जाता एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली, ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यावर ही यंत्रे वापरण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले होते. धरणाचे पाणी पिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे यंत्र पिण्यासाठी फारसे आवश्यक नाही, आणि गाडीच्या शेवटच्या पाण्यासाठी मात्र ते उपयोगी पडते, असा हा गमतीचा योग आहे.

फुकटचे निर्लवण पाणी आणखी दोन ठिकाणी मिळते आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हे हवेतील बाष्पच असते, खडकाशी त्याचा संबंधच आलेला नसतो; सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दमट हवेत एका रात्रीत बादलीचा चांगला हिस्सा भरतो. त्यात धूळ आणि बुरशीचे तंतू असतात, म्हणून ते दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे व पिऊ नये, एवढेच पथ्य. दुसरे पाऊस. पहिल्या एक-दोन सरींनी हवा धुतली गेल्यावर आषाढातील मुसळधार पावसात साबणाने घासलेली गाडी उघड्यावर उभी केली तर विसळण्याचा खर्च निसर्ग उचलतो. मात्र सिमेंटच्या गच्चीवरून पिंपात साठविलेले पाणी या कामी घेऊ नये, कारण सिमेंटमधील चुना त्यात उतरतो. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या छपराचे चालते.

एवढे समजल्यावर कृती लहान राहते. टपापासून आरंभ करावा, लांब दांड्याच्या मऊ कुंच्याने, शिडीवर उभे राहून, आणि खाली कोणीतरी शिडी धरणारा असावा. टप, मग एक बाजू, मग मागचा भाग, मग दुसरी बाजू, असे तुकड्यातुकड्याने घासावे आणि मध्ये मध्ये सबंध गाडीवर नळी फिरवून ती ओली ठेवावी, कारण घासून झालेला भाग वाळता कामा नये. सर्व साबण गेल्यावर शेवटचे पाणी द्यावयाचे, आणि त्यासाठी भातशेतीतला पाठीवरचा फवारणी पंप फार सोयीचा पडतो. पंप नवा घ्यावा, तणनाशकाने वापरलेला कदापि नव्हे. तो सोळा लिटरचा असतो. रात्रभर कॅनमध्ये साठविलेले ३० मिलिग्रॅमचे आरओ पाणी त्यात भरून वरून खाली फवारले, तर दर चौरस मीटरला ३०० मिलिलिटरच्या आसपास वाट्यास येते. आधीचे ५० मिलिलिटर कठीण पाणी त्यात मिसळून ओघळले की पत्र्यावर उरणारे पाणी ६०० वरून ११० मिलिग्रॅमच्या घरात येते, आणि दीड ग्रॅम क्षाराऐवजी पाव ग्रॅमपेक्षा किंचित अधिक क्षार गाडीवर राहतो. पंपाची तोटी बारीक तुषारांची न ठेवता जाड धारेची ठेवणे, हा तपशील विसरू नये. यानंतर टपावर आणि काचांवर लांब दांड्याचा रबरी वायपर, दारांवर मायक्रोफायबरचा मोठा फडका न घासता नुसता टेकवून ओढणे, आणि मग गाडी चालू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन ब्रेक लावीत परत आणणे, म्हणजे दडलेले पाणी बाहेर पडते. ते पुसले की काम संपले. ज्याच्यापाशी पाने उडविण्याचे झोत-यंत्र आहे त्याने रिवेटांच्या ओळींत ते फिरवावे, पण केवळ यासाठी ते विकत घेण्याची शिफारस आम्ही करणार नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा क्षारमापक मात्र घ्यावा; नळ, टँकर, कूपनलिका आणि यंत्र यांतील फरक त्यावर एका मिनिटात कळतो आणि पुढचे सारे वाद मिटतात.

जे डाग पडून गेले त्यांचे काय करावे, हे थोडे जपून लिहावे लागते. कार्बोनेटाचे ताजे ठिपके पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून, सावलीत, मिनिटभर ओला फडका ठेवून जातात. ॲल्युमिनियमच्या उघड्या पट्ट्यांवर मात्र ते राहू देऊ नये, आणि नंतर भरपूर पाण्याने विसळावे. लिंबाचा रस तेच करतो, फक्त गाळून घ्यावा. न्हाणीघरातील फरशीचे ॲसिड गाडीला लावणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीचे रंगकाम लवकरच निघते. कारखान्यांच्या वस्तीत राहत असल्याने येथे कोणतेही रसायन कोणाच्या तरी ओळखीने मिळू शकते, म्हणून स्पष्ट सांगतो की काचेचे डाग घालविणारे म्हणून दिले जाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल घरात आणू नये. ते कातडीतून शिरून हाडापर्यंत पोहोचते आणि प्रथम वेदनाही जाणवत नाहीत.

काचेवरचे जुने डाग व्हिनेगरला दाद देत नाहीत, कारण बेसाल्टी पाण्यात सिलिका असते आणि सिलिकेचे काचेशी सख्य आहे. सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्याच्या गोळ्याने घासल्यास ते मंदावतात. बाजूच्या खिडक्यांवर हा उद्योग निश्चिंतपणे करावा. पुढच्या काचेवर मात्र एकाच जागी फार वेळ घासू नये. तेथे काच कणभर खोलगट झाली तरी समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश वाकतो, आणि रात्री कल्याण-बदलापूर रस्त्यावर अशा काचेतून वीस मुले घेऊन गाडी हाकण्यापेक्षा ठिपके तसेच राहू द्यावेत, किंवा सरळ काच बदलून घ्यावी.